देवीचे डॉक्टर

श्रोतेहो, आपल्या भाषेत एक गंमत आहे. रोग झाला म्हणजे आपण म्हणतो ‘देवी आल्या’, आणि तो होऊ नये म्हणून पोराच्या दंडावर टोचून घेतले म्हणजे म्हणतो ‘देवी काढल्या’. आजार आणि त्याच्यावरचा उपाय, दोघांना एकच नाव. आणि ही टोचणी करायला जो सरकारी माणूस गावात येई तो ‘देवीचा डॉक्टर’. खरे पाहता तो डॉक्टर नव्हता. सरकारी दप्तरात त्याचा हुद्दा व्हॅक्सिनेटर, म्हणजे टोचणारा. पगार बेताचा, शिक्षण बेताचे, खांद्याला पेटी आणि पायाखाली धूळ. पण लोकांनी त्याला डॉक्टर करून टाकले, कारण कित्येक खेड्यांना दवाखान्याचा खरा डॉक्टर दिसण्याआधी पिढ्यान् पिढ्या हाच एक डॉक्टर ठाऊक होता.

आज मी बोलणार आहे ते या माणसाबद्दल आणि त्याच्या पेटीबद्दल. पेटीत काय काय बदलत गेले हे वैद्यकाच्या पुस्तकांत मिळते. ती पेटी वाहणाऱ्याचे काय झाले, हे मात्र आम्ही इतिहास शिकवणारे लोकही फारसे विचारत नाही.

सुरुवात सर्वांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीतला द्रव एका मुलाच्या हातावर टोचला आणि त्या मुलाला देवी होत नाहीत असे दाखवून दिले. ही विद्या हिंदुस्थानात पोहोचायला सहा वर्षे लागली, आणि ती कशी पोहोचली ते ऐकण्यासारखे आहे. त्या वेळी बर्फाची पेटी नव्हती. वाळवलेली लस लांबच्या प्रवासात उष्णतेने मरून जाई. मग उपाय एकच: लस माणसाच्या दंडावरच जिवंत ठेवायची. एकाला टोचायचे, आठव्या दिवशी त्याच्या फोडातला द्रव घेऊन दुसऱ्याला, त्याच्याकडून तिसऱ्याला. अशी हातोहात ती बगदाद आणि बसऱ्यावरून जहाजाने मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. या एका पोरीच्या दंडावरून ती पुढे पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला गेली. या देशातली सगळ्यात जुनी लस-साखळी म्हणायची ती ही, आणि तिचे दुवे होते लहान मुले.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचे जिल्हे पाडले गेले आणि त्यांत आपला बुलढाणा जिल्हा आकाराला आला. खामगाव आणि जळगाव हे तालुके मात्र अकोल्याकडे होते. ते १९०५ च्या फेररचनेत बुलढाण्याला जोडले गेले. शाळेच्या नकाशात जिल्हा सपाट दिसतो, पण पायी चालणाऱ्याला तो दोन मजल्यांचा आहे. खाली पूर्णेकाठचा पयनघाट: मलकापूर, नांदुरा, शेगाव, काळी कसदार माती, कापूस. वर बालाघाट: बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा. आणि अगदी उत्तरेला जळगाव जामोद व संग्रामपूरच्या माथ्यावर सातपुडा. आगगाडी आली ती खालच्या मजल्यावर. १८६७ साली मुंबईची गाडी नागपूरपर्यंत गेली, १८७० साली कापसासाठी खामगावला जलंबहून फाटा मिळाला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र वर, घाटमाथ्यावर. बुलढाण्याच्या गावात आजही आगगाडी नाही. म्हणजे जे काही नवे यायचे, मग ते औषध असो, यंत्र असो की लस, ते मलकापूरला उतरणार आणि राजूरच्या घाटाने बैलगाडीत नाहीतर टांग्यात वर चढणार. उन्हाळ्यात खाली पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. जी लस उष्णतेला भिते, तिची अशा मुलखात काय दशा होत असेल ते वेगळे सांगायला नको.

म्हणून टोचणीचा हंगाम ठरला: दिवाळीच्या मागेपुढे सुरू करायचा आणि शिमग्यापर्यंत आटपायचा. एवढ्या चार-पाच महिन्यांत एकेका माणसाने गावामागून गाव उरकायचे. पण नेमका तोच काळ ज्वारीच्या सोंगणीचा आणि कापूस वेचणीचा. आई शेतात, पोर शेतात झोळीत, आणि डॉक्टर चावडीवर बसलेला. पाटलाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीवरून त्याने यादी काढायची, कोतवालाने दवंडी द्यायची, आणि मग ज्यांची नावे यादीत आहेत त्यांच्या घरी जाऊन पाहावे तर दाराला कडी.

हातोहात टोचणीचा सर्वांत अवघड भाग वेगळाच होता. आज अमक्या गावी दहा मुले टोचली. आठव्या दिवशी त्यांतले एक सुदृढ मूल निवडायचे, त्याला आईसकट पुढच्या गावी न्यायचे, आणि त्याच्या दंडावरचा फोड उघडून त्या द्रवाने तिथल्या मुलांना टोचायचे. कोणती आई याला राजी होईल? तान्ह्या पोराचा भरलेला फोड फोडायचा, तेही परक्या गावात, परक्यांच्या पोरांसाठी. पैसे देऊ केले तर आणखी संशय. शिवाय हे पोर कोणत्या जातीचे, हा प्रश्न होताच. एकाच्या अंगातला द्रव दुसऱ्याच्या अंगात जायचा म्हटल्यावर त्या काळच्या समाजात काय काय कुजबुज झाली असेल याची कल्पना करता येते. त्यांत ही ‘देवी’. शितळामायची कृपा-अवकृपा म्हणून घरात कडुलिंबाचे डहाळे बांधणारी, गार अन्नाचा नैवेद्य दाखवणारी माणसे. मला वाटते, त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. त्यांच्यापाशी रोगाचा एक अर्थ होता. सरकारपाशी नुसती सुई होती. तो अर्थ आणि ही सुई यांच्यामध्ये उभा राहून बोलणी कोणी करायची? त्या बेताच्या पगाराच्या माणसाने.

पुढे वासरावर लस तयार करण्याची रीत आली. मुंबईत १८६९ च्या सुमारास डॉ. अनंत चांद्रोबा यांनी तिचा पाया घातला. वासराच्या पोटाची कातडी भादरून तिथे लस लावायची आणि आलेल्या फोडांतला द्रव गोळा करायचा. गाईच्या वासराला कोणी हरकत घेतली तर रेडकू वापरायचे. पुढे त्या द्रवात ग्लिसरीन मिसळू लागले, तेव्हा तो थोडा अधिक टिकू लागला, नळीत भरून टपालाने धाडता येऊ लागला. नागपूरलाही लस करणारी संस्था उभी राहिली. या एका सुधारणेने टोचणाऱ्याचे केवढे ओझे उतरले पहा. पोर आणि आई यांना गावोगाव फिरवणे थांबले, जातीचा प्रश्न मागे पडला, एका मुलाच्या रक्तातून दुसऱ्याला भलताच रोग लागण्याची भीती गेली. विलायतेत या सुधारणेचा गाजावाजा झाला तो स्वच्छतेसाठी. आमच्या मुलखात तिचा खरा लाभ झाला तो टोचणाऱ्याला: त्याला आईशी हुज्जत घालावी लागेना.

पण उष्णता होतीच. नळीतली लस घाटाच्या वाटेवर तापली की निकामी, आणि ती निकामी झाली हे नुसते पाहून कळायचे नाही. आठवड्याने तपासणीस येई, दंड पाही, ‘उठले’ आहे की नाही ते लिही. नाही उठले तर दोष कोणाचा? कागदावर तो टोचणाऱ्याच्या नावापुढे पडे. मग काहींनी जुना मार्ग धरला: न टोचलेल्यांची नावे टोचलेल्यांत घातली. हे हिंदुस्थानभर घडत होते आणि वरिष्ठांना ठाऊकही होते. खोटे लिहिणे वाईट, यात वाद नाही. तरी ज्या व्यवस्थेत वस्तू बिघडली तरी शिक्षा माणसालाच होते, तिथे आकडे खरे राहतील अशी अपेक्षा धरणे हाही भाबडेपणाच.

असाच एक प्रकार १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी घडला. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस शोधून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. मुल्कोवालला तिच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. खुद्द हाफकिनला दोषी ठरवून कामावरून दूर केले गेले. पुढे निष्पन्न झाले की दोष लशीत नव्हता. बाटली उघडताना निष्काळजीपणा झाला होता. १९०७ साली त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला पाच वर्षे लागली. वऱ्हाडातल्या एखाद्या टोचणाऱ्याचा ठपका पुसायला कोण बसले होते?

कायद्याचे म्हणाल तर १८८० चा टोचणीचा कायदा नगरपालिका आणि छावण्यांपुरता होता. खेडी मनधरणीवर सोडलेली. एका अर्थी ते बरेच झाले. प्लेगच्या वेळी पुण्यात जी जबरदस्ती झाली तिची परिणती काय झाली ते शिक्षक मंडळींना सांगायला नको. मनधरणीला वेळ लागतो, पण तिने दार उघडते.

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर पालटले. भोर समितीने १९४६ साली खेड्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची आखणी मांडली होती. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर ती केंद्रे उभी राहू लागली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातले आरोग्याचे काम त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षी देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देवीच्या डॉक्टरला आता सोबती मिळाले होते: भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारा मलेरियाचा माणूस, बाळंतपणे करणारी नर्सबाई. पण त्याच्या पेटीत अजून जुनीच लस आणि जुनेच हत्यार होते. दांड्याच्या टोकाला बारीक दातांची एक गोल चकती असे. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, चकती टेकवायची आणि गर्रकन फिरवायची. पोर किंचाळायचे, जखम मोठी व्हायची, पुष्कळदा ती चिघळायची. डॉक्टर आल्याची दवंडी ऐकताच गावातली पोरे ज्वारीच्या ताटांत दडून बसत असत, त्याचे कारण ही चकती.

मग दोन वस्तू आल्या. दोन्ही दिसायला अगदी साध्या.

पहिली, गोठवून सुकवलेली लस. ती भुकटीच्या रूपात कुपीत बंद असायची आणि ३७ अंश उष्णतेतही महिनाभर टिकायची. आधी ती रशियाकडून देणगी म्हणून येत होती. पुढे आपल्याकडे बेळगाव, गिंडी, हैदराबाद आणि नैनीतालजवळ पटवाडांगर येथे ती होऊ लागली. दुसरी वस्तू म्हणजे दुटोकी सुई. बोटभर लांबीची तार, टोकाला दोन सुळके. कुपीत बुडवली की दोन सुळक्यांच्या मध्ये नेमका हवा तेवढा थेंब अडकतो. मग दंडावर एका जागी भराभर पंधरा टोचे मारायचे, झाले काम. १९६९-७० च्या सुमारास ही सुई भारतात आली. पूर्वी पंचवीस माणसांना पुरणारी कुपी आता शंभरांना पुरू लागली. आणि शिकायला किती वेळ? तासाभरात माणूस तयार होई.

श्रोतेहो, नव्या यंत्राविषयी आपण बोलतो तेव्हा ते किती हुशार आहे हे पाहतो. ही सुई मुळीच हुशार नव्हती. तिला वीज लागत नव्हती, दुरुस्ती लागत नव्हती, उकळून पुन्हा वापरता येत होती. तिचा मोठेपणा एवढाच की सुईत आणि कुपीत बिघडण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, त्यामुळे टोचणाऱ्याला दोषही लागत नव्हता. घाटावर चढवलेली लस मेहकरपर्यंत पोहोचली तरी जिवंत. आठव्या दिवशी दंड पाहिला तर उठलेले. ज्याने उभा जन्म ‘का उठले नाही’ याची उत्तरे दिली, त्याला हे केवढे समाधान वाटले असेल!

कामाची तऱ्हाही बदलली. सरसकट सगळ्यांना टोचत सुटण्यापेक्षा रोगी कुठे आहे ते शोधा आणि त्याच्याभोवतीच्या घरांना वेढा घाला, असे ठरले. देवी आलेल्या बाळाचे चित्र छापलेला पत्ता हाती घेऊन माणसे बाजारात, शाळांत विचारत फिरली: असे कोणी पाहिले का? इथे शाळामास्तरांचे मोल कळले, कारण कोणत्या घरचे पोर चार दिवस आले नाही हे मास्तरालाच ठाऊक. १९७४ साली बिहार, बंगालात साथीने कहर केला, तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक मैदान आधीच मोकळे झाले होते. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात करीमगंज येथे सापडला. त्यानंतर कोणी नवा रोगी दाखवील त्याला हजार रुपये बक्षीस लावले. घेणारा कोणी निघाला नाही. १९७७ साली भारत आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले.

आणि देवीचा डॉक्टर? त्याच्या हाताला यश आले, म्हणजेच त्याचे काम संपले. कर्तारसिंग समितीने १९७३ सालीच सुचवले होते की देवी, मलेरिया अशा निरनिराळ्या कामांची निरनिराळी माणसे ठेवण्याऐवजी एकच ‘बहुउद्देशीय’ आरोग्य कर्मचारी असावा. कागदावर हे शहाणपणाचे होते, आणि त्यामुळे नोकऱ्या टिकल्या हेही खरे. पण ज्याला एकच कला उत्तम येत होती, त्याच्या हाती आता रक्ताच्या काचपट्ट्या, क्षयाच्या गोळ्या आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आली. आणि ती आली नेमकी १९७६ च्या आगेमागे. त्या वर्षी नसबंदीच्या आकड्यांसाठी आरोग्य खात्याच्या माणसांना आणि शिक्षकांना कसे पिळले गेले ते त्या पिढीतल्या गुरुजींना विचारावे. शंभर वर्षे मनधरणी करून जे दार उघडले होते, ते त्या एका वर्षात पुष्कळ ठिकाणी पुन्हा बंद झाले. पुढे कित्येक वर्षे ‘सुई’ म्हटले की बायाबापड्या मुले लपवीत. पोलिओच्या दोन थेंबांवरही संशय आला, त्याची मुळे मला तरी इथे दिसतात.

पुढचा भाग आपल्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आले आणि त्याबरोबर शीतसाखळी: बर्फाचे अस्तर असलेली शीतपेटी, हातात धरून न्यायचा लशीचा डबा, त्यातल्या बर्फाच्या पिशव्या. म्हणजे पुन्हा उष्णतेशी झुंज, या वेळी विजेच्या भरवशावर. वीज गेली की आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंचे लक्ष घड्याळाकडे. याच साखळीवरून १६ जानेवारी २०२१ पासून कोविडची लस गेली. साखळीने दगा दिला नाही. पहिल्याच दिवशी अडखळली ती नोंदणीची संगणक-व्यवस्था, आणि महाराष्ट्राला टोचणी दोन दिवस थांबवावी लागली. लस तयार, टोचणारी तयार, रांगेतले लोक तयार. नाव चढेना म्हणून सगळे बसून.

आज देवीच्या डॉक्टरच्या जागी गावात आहे ती आशाताई. ही योजना २००५ ची. तिच्या हाती मोबाइल आहे. तो उपयोगी आहे, यात शंका नाही; कोणत्या बाळाची कोणती लस राहिली ते तो सांगतो. पण बऱ्याच ठिकाणी तीच नोंद आधी वहीत आणि मग मोबाइलवर अशी दोनदा करावी लागते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज मिळाली नाही तर घरी परतून रात्री. मोबदला म्हणजे मानधन आणि कामागणिक पैसे, पगार नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या, तो ऐन साथीचा काळ होता. त्या वेळी शहरांतून नाराजीचे सूर निघाले. मला मात्र त्या संपात त्या जुन्या चावडीवर पेटी घेऊन बसलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला. त्याला संप करता येत नव्हता, एवढाच फरक. नवे यंत्र देताना ‘याने तुझे कोणते काम कमी होईल’ हे त्याला कोणी विचारले नव्हते. दुटोकी सुईने ते न विचारता केले, म्हणून ती जिंकली.

जाता जाता खेड्यांतल्या शिक्षकांना एक विनंती. साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवीचे वण अजून आहेत. गोल, खोल, मोठा वण बहुधा चकतीचा. लहान, उथळ वण बहुधा दुटोकी सुईचा. कोणाला दोन्ही दंडांवर मिळून चार वण सापडतील. वरच्या वर्गातल्या मुलांना सांगून आपल्या गावातल्या अशा आजी-आजोबांची यादी करा: जन्माचे गाव, अंदाजे साल, वण किती आणि कसे, आणि टोचायला आलेल्या माणसाचे काही आठवते का. तो मुक्कामाला कुठे उतरे, त्याला भाकर कोण देई, पोरे त्याला काय म्हणून चिडवीत. शाळेचे जुने दप्तर शाबूत असेल तर त्यातही कुठे ‘टोचणीसाठी शाळा अर्धा दिवस’ अशी नोंद सापडेल. अशा वह्या दहा गावांतून जमल्या, तर जिल्ह्याच्या इतिहासात आजवर नसलेले एक प्रकरण त्यांतून लिहिता येईल; आणि ते लवकर करायला हवे, कारण हे दंड दरवर्षी कमी होत आहेत.